गरीची कोळंबी आणि हळदीकुंकवाचा जग

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत गरीच्या, म्हणजे गळाच्या, मासेमारीवर पानभर मजकूर आला. वाचून बरे वाटले. गरवणारा माणूस एरवी वर्तमानपत्रात येतो तो खडकावरून लाटेने ओढून नेल्यावरच. फोटोही चांगले होते. पण शेवटी चौकटीत 'जिवंत आमिष कसे न्यावे' म्हणून जो सल्ला दिला आहे, त्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही. त्यात म्हटले आहे की परदेशी बनावटीचा, पंप बसवलेला डबा विकत घ्यावा. ते परवडत नसेल तर बादलीत नळाचे पाणी घेऊन मूठभर मीठ आणि बर्फाचे दोन खडे टाकावेत. पहिल्या वाक्याने खिसा रिकामा होतो आणि दुसऱ्याने आमिषाची कोळंबी मरते. दोन्ही मी करून बसलो आहे. डबा विकत घेतला नव्हता एवढेच, पण त्याच्या किमतीएवढे पैसे हळूहळू घातले आहेत.

रत्नागिरीत एकतीस वर्षे मी मोटर रिवाइंडिंगचे दुकान चालवले. आता दुकानात मुलगा बसतो आणि मी भाट्याच्या खाडीवर बसतो. काजळी नदी समुद्राला मिळते तिथे संध्याकाळी आम्ही सात-आठ जण ठरलेले असतो. त्यात एक निवृत्त मुख्याध्यापक, एक रिक्षावाले आणि एक बँकेत कामाला असलेला मुलगा. तंगूस (नायलॉनची दोरी), गरी, शिसे सगळ्यांचे सारखेच, मासे मात्र सारखे लागत नाहीत. शिंगाळ्याला काहीही चालते, कुजके दिले तर जास्तच आवडते. पण खजुरा, ज्याला रायगडात जिताडा आणि तळकोकणात, गोव्यात चोणक म्हणतात, तो मेलेल्या कोळंबीला सहसा तोंड लावत नाही. तांबोशीचेही तसेच. त्यांना गरीवर पाय हलवणारी, शेपूट मारणारी कोळंबी लागते. म्हणून हा सगळा खटाटोप.

आता कोणी म्हणेल, खाडीतच कोळंबी मिळते, तिथेच पकडा आणि तिथेच लावा. खाडीत गरवायचे असेल तर अगदी बरोबर. आमच्याकडे पाग, म्हणजे फेकायचे जाळे, टाकणारे एक काका आहेत, सत्तरी उलटलेले. ते कोळंबी बांबूच्या विणलेल्या टोपलीत घालतात, वरून जाळीचा तुकडा बांधतात आणि टोपली पाण्यात बुडवून होडीच्या कडेला अडकवतात. ना पंप ना बॅटरी, दुसऱ्या दिवशीही कोळंबी टणाटण उड्या मारते. माझी पंप लावलेली दुसरी बादली बघून ते म्हणाले होते, "अरे, मशीन कसली लावतोस, पाणी बदल ना!" तेव्हा मी हसलो होतो. ते वाक्य समजायला मला दोन वर्षे आणि चार बादल्या लागल्या.

पण माझे गणित वेगळे होते. मला पूर्णगडला जायचे होते. किल्ल्याखालच्या खडकांत पहाटेच्या भरतीवर तांबोशी लागते. आपल्याकडे भरतीचा हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट. सप्तमीला सात पाऊण सव्वापाच, म्हणजे पूर्ण भरती सकाळी सव्वापाचच्या सुमारास. सप्तमीला भांग असतो, पाणी फार चढत नाही आणि लाटही अंगावर येत नाही, म्हणून माझ्यासारख्या गुडघे दुखणाऱ्याला ती तिथी बरी. पण कोळंबी मिळते ती आदल्या रात्री सुकती, म्हणजे ओहोटी, लागल्यावर, नऊ-दहाच्या सुमारास, भाट्यात. म्हणजे कोळंबी आठ तास सांभाळायची, त्यात स्कूटरवरून वीस-पंचवीस किलोमीटर न्यायची आणि पहाटे ती हलती पाहिजे. टोपली स्कूटरला बुडवता येत नाही.

पहिली बादली रंगाची होती, वीस लिटरची, डिस्टेंपरची. स्वच्छ धुतली, खाडीचे दहा लिटर पाणी घेतले आणि काकांच्या पागेतली शंभरेक कोळंबी ओतली. त्या दिवशी लांब कुठे जायचे नव्हते, मिऱ्याच्या किनाऱ्यावर दुपारी सहज बसणार होतो. एप्रिलची दुपार. पाऊण तासात सगळी कोळंबी पांढरी पडून तळाला. ती घेऊन घरी आलो तर आत्या आली होती. तिने आयुष्यभर मासळी विकली. बादलीत बघून म्हणाली, "मेल्या, एवढ्या कोळंबीत घर जेवलं असतं. एका माशासाठी शंभर मारलीस, आणि तो मासा तरी कुठाय?" मासा नव्हता.

हे बोलणे मला लागले, कारण ती कोळंबी कोणाची हे मला माहीत आहे. मोठी कोळंबी समुद्रात अंडी घालते, पिल्ले भरतीबरोबर खाडीत येतात, कांदळवनाच्या मुळांत वाढतात आणि मोठी होऊन परत समुद्रात जातात. खाडीत पागेला लागते ती बहुतेक वाढीची पोरेच. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी असते तेव्हा आपण गरीवाले मान ताठ करून सांगतो, आम्ही किनाऱ्यावर बसून एक-एक मासा काढणारे, आमचा काय उपद्रव! आणि बादलीत शंभर-शंभर मारून झुडपात ओततो. भाट्याच्या पुलाखाली रविवारी सकाळी गेलात तर कावळे कशावर जमतात ते बघा.

दुसऱ्या बादलीला मी यंत्र लावले. माशांच्या टाकीचे सामान विकणाऱ्या दुकानात दोन मोठ्या सेलवर चालणारा छोटा हवेचा पंप मिळतो. त्याला नळी, नळीच्या टोकाला बुडबुड्यांचा दगड. दगड हलका, तरंगायला लागला, म्हणून मी दुकानातला पितळेचा नट बांधून तो तळाला बसवला. तीन तासांनी निम्मी कोळंबी आडवी. पंप उत्तम चालू, पाणी बरे, सावली होती. डोके चालेना. पंप विकणारा मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा असेल, त्याने पहिल्या प्रश्नातच पकडले: "काका, पाण्यात तांबं-पितळ काही आहे का?" तांबे कोळंबी-खेकड्यांना विषच. टाकीत माशांना चालणारी तांब्याची औषधेसुद्धा कोळंबी असेल तर घालत नाहीत. आणि खाऱ्या पाण्यात पितळ तांबे सोडू लागते हे मला कोणी सांगायला नको होते, खाडीकाठच्या मोटरींचे टर्मिनल मी किती बदलले असतील! पण आपल्याच धंद्यातले आपल्यालाच वेळेवर आठवत नाही. आता दगडाला तंगुसाने साधा गोटा बांधतो.

तिसरी गोष्ट पॉवर बँकेची. सेल महाग पडतात म्हणून मोबाइलच्या चार्जरवर चालणारा पंप घेतला आणि मुलाची पॉवर बँक लावली. हिशोब करून बघितला होता: पंप एक वॅटचा, पॉवर बँक दहा हजार मिलिअँपिअर-अवरची, म्हणजे रात्रच काय, दुसरी दुपारही निघेल. रात्री दहाला भरून घराच्या पडवीत ठेवले, घर्रर्र आवाज ऐकत झोपलो. साडेतीनला जाग आली ती शांततेमुळे. पॉवर बँकेवर चारपैकी चार दिवे, म्हणजे पूर्ण भरलेली, आणि पंप बंद. पंप इतका कमी करंट ओढत होता की पॉवर बँकेला वाटले फोन भरला, आणि ती आपली झोपली. शिवाय पंप मी बादलीपेक्षा खाली ठेवला होता, त्यामुळे तो बंद पडल्यावर पाणी नळीतून उलटे येऊन पंपात शिरले. तोही गेला. पूर्णगड राहिले. चहा करून पडवीत बसलो. बायको उठून आली, बादलीकडे एकदा बघून काही न बोलता आत गेली. बोलली असती तर बरे झाले असते.

ज्यांच्याकडे अशी पॉवर बँक आहे त्यांनी त्याच पॉवर बँकेला चार्जरवर चालणारा एक छोटा दिवाही जोडावा, करंट वाढला की ती सहसा जागी राहते. मी मात्र यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी घेतली आणि गाडीत मोबाइल भरायचा असतो तो चार्जर तिला लावला. हिशोबाने ८४ वॅट-अवर होतात. अशी बॅटरी पार उतरवू नये, निम्मीच वापरावी. तरी दोन वॅटचा पंप, चार्जरची घट धरून, पंधरा-सोळा तास चालतो. वजन दोन-अडीच किलो, पण भरवशाची. जुन्या लॅपटॉपमधले लिथियमचे सेल काढून जोडण्याचा विचार कोणाच्या मनात आला तर तो सोडून द्यावा. खारे पाणी, लिथियम आणि हौस एकत्र आणू नये. पंप नेहमी पाण्याच्या पातळीच्या वर बांधावा, नळीत एकाच दिशेने हवा जाऊ देणारा छोटा वॉल्व्ह घालावा. माशांच्या टाकीच्या दुकानात तो चहाच्या पैशांत मिळतो.

मधल्या काळात मी आणखी एक शहाणपणा केला होता, तो रिवाइंडिंगवाल्यानेच करावा असा होता. हवेच्या पंपापेक्षा पाण्यात बुडणारी १२ व्होल्टची छोटी मोटर लावली. पाणी वर फेकायचे, पाइपला बारीक भोक पाडायचे म्हणजे वाहते पाणी भोकातून हवा ओढून घेते. बघायला झकास, कारंजेच. पहिल्यांदा तिने कोळंबीच्या मिशा आणि पाय ओढून घेतले, म्हणून भोवती जाळी गुंडाळली. मग बघतो तर पाणी कोमट! मग वहीत मांडले. मोटर बारा वॅटची. पाण्यात बुडालेली मोटर जेवढी वीज खाते, तेवढी सगळी शेवटी त्या पाण्यालाच उष्णता म्हणून मिळते, जाणार कुठे? बारा वॅट, तीन तास, म्हणजे छत्तीस वॅट-अवर. बारा लिटर पाणी त्याने अडीच अंशांनी तापते. मी कोळंबीसाठी गिझर बनवला होता. हवेचा पंप बाहेर असतो, त्याची गरमी बाहेर राहते. म्हणून पंप हवेचाच बरा.

आता पाण्याच्या जगाची गोष्ट. हळदीकुंकवाला, सत्यनारायणाला पाणी ठेवायचा अठरा लिटरचा जग आमच्या घरी होता, दुहेरी भिंतीचा, खाली प्लास्टिकचा नळ असलेला. एका रात्री माझी नजर त्यावर गेली. गार राहतो, झाकण घट्ट बसते, स्कूटरच्या पायाशी उभा मावतो आणि सगळ्यात मोठे म्हणजे तळाला नळ! कोळंबीची घाण, टाकलेली कात, सगळे तळाला बसते. नळ फिरवला की घाण पाणी आपोआप खालून जाते आणि वरून ताजे ओतता येते. काकांचे "पाणी बदल ना" मला तेव्हा कळले. परदेशी डब्याला हजारो रुपये मोजून जी सोय मिळते ती सत्यनारायणाच्या जगात आधीच होती. बायकोला विचारले तर म्हणाली, "अहो, न्या, पण मग तो परत आणू नका." तिला नवीन घेऊन दिला. या सगळ्या उद्योगातला सर्वांत मोठा खर्च तोच.

झाकणाला दोन भोके पाडली: एकातून हवेची नळी, दुसरे हवा बाहेर जायला. दोन्ही भोकांना स्कूटरच्या वायरिंगला असतात तसले रबरी बूच बसवले, नाहीतर नळी घासून फाटते. जग अठरा लिटरचा असला तरी बाराच लिटर पाणी भरायचे. वर मोकळी जागा हवी, नाहीतर खड्ड्यात स्कूटर आपटली की झाकणातून पाणी पायावर. जग खोल आणि तळ लहान, ही त्याची खोड. कोळंबी पाण्यात तरंगत राहणारा प्राणी नव्हे, तिला धरायला काही लागते. तळाला सगळ्यांनी गर्दी केली की एकमेकांना टोचतात, आणि ज्या कोळंबीने नुकतीच कात टाकलेली असते, तिला तर बाकीच्या खाऊनच टाकतात. म्हणून खिडकीला लावतात ती प्लास्टिकची डासांची जाळी कापून तिच्या चार-पाच उभ्या पट्ट्या आत सोडल्या. रात्री टॉर्च मारून बघावे, पट्ट्यांवर कोळंबी अशा ओळीने बसलेल्या असतात की एसटीत खिडकीच्या जागा पकडल्यासारख्या. बाहेर काढायला आत हात घालू नये, डोक्यावरचा करवतीसारखा काटा बोटात शिरतो आणि खाऱ्या पाण्यात चांगलाच झोंबतो. मी भाजी धुवायची छोटी जाळीची टोपली तळाशी ठेवून तिला दोरी बांधली आहे.

बर्फाबद्दल तुमच्या चौकटीत जे आहे ते निम्मे खरे आहे, म्हणून जास्त धोक्याचे. गारवा पाहिजेच. पण बर्फाचे खडे सरळ पाण्यात टाकले की दोन गोष्टी होतात. बर्फ नळाच्या पाण्याचा असतो, त्यात क्लोरीन असू शकते. आणि वितळला की खारे पाणी गोडावते. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाणी गोठवावे, बूच घट्ट लावावे आणि ती बाटली आत सोडावी. एका बाटलीने बारा लिटर पाणी साडेतीन-चार अंश उतरते, पण हळूहळू, आणि हळूहळूच उतरायला हवे. एकदम दोन बाटल्या टाकल्यावर कोळंबी कशी वाकडी होऊन पडते तेही पाहिले आहे. उष्णता मोजायला तापाचा थर्मामीटर चालत नाही, तो ३५ च्या खाली दाखवत नाही. हे मी कसे शोधून काढले ते घरच्यांना सांगितलेले नाही. माशांच्या टाकीचा काचेचा घ्यावा.

गारव्याचा उपयोग नेमका काय, याबद्दलही आमच्या कट्ट्यावर वाद होता. मुख्याध्यापक म्हणायचे, गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. खरे आहे, पण किती? समुद्राच्या पाण्यात ३० अंशांना लिटरमागे सव्वासहा मिलिग्रॅमच्या आसपास मावतो आणि २५ अंशांना पावणेसातच्या आसपास. म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमचा फरक. खरी मेख दुसरीकडे आहे. पाणी दहा अंश तापले की अशा थंड रक्ताच्या प्राण्याची प्राणवायूची गरज ढोबळमानाने दुप्पट होते. पाच अंश गार केले तर श्वासाची भूक बरीच उतरते आणि विष्ठेतून, कल्ल्यांतून पाण्यात जाणारा अमोनियाही कमी होतो. आणि अमोनियाचा जो भाग मारक असतो तो गरम पाण्यात वाढतो. म्हणून गारवा. आणि म्हणूनच जगात कोळंबीला काही खायला घालू नये, माया असेल तरी. आठ तास उपाशी राहून कोणी मरत नाही.

मीठ-पाण्याच्या सल्ल्याबद्दल एवढेच सांगतो की मीठ घातल्याने समुद्र होत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे माझ्या बारा लिटरला ४२० ग्रॅम. मूठभराने काय होणार! आणि पोतेभर घातले तरी ते नुसते सोडियम क्लोराइड. मॅग्नेशियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणणार कुठून? कोळंबीला तेही लागते. जिथे पाग टाकला तिथलेच पाणी घ्यावे, अर्ध्या वाटेवरचे नाही, दुसऱ्या खाडीचे नाही. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की काजळीचे पाणी लाल आणि जवळजवळ गोडे होते, तेव्हा खाडीतली कोळंबी उचलून एकदम पूर्णगडच्या खडकातल्या खाऱ्या पाण्यात टाकली तरी ती दचकते. मी भाट्याच्या पाण्याचा पाच लिटरचा एक कॅन जास्तीचा नेतो, मध्ये पावसला थांबून नळाने दोन-तीन लिटर काढतो आणि कॅनमधले ओततो. स्कूटरवर सतरा लिटर पाणी, बॅटरी, काठ्या आणि मी. पोलीस थांबवतात, आत बघतात, हसतात आणि सोडतात.

पण या सगळ्यापेक्षा उपयोगी पडली ती गोष्ट फुकटची होती: शंभराऐवजी पंचवीस न्यायला लागलो. बोटाएवढ्या कोळंबीला दोन लिटरमागे चार, फार तर पाच. बारा लिटरला पंचवीस म्हणजे काठोकाठ झाले. पहाटेच्या दोन-अडीच तासांत माणूस एवढीच लावू शकतो. शंभर नेण्यात हिशोब नसतो, हाव असते; पंप नसला तरी पंचवीस गार पाण्यात, झाकून, पाणी बदलत नेली तर बरीचशी पोहोचतात, आणि पंप असूनही शंभर पोहोचत नाहीत. लेखात पंपाची एवढी स्तुती आहे आणि संख्येबद्दल एक शब्द नाही. माझ्या पत्राचे कारण खरे तर हेच.

गरी लावतानाही तेच. डोक्यावरच्या काट्याखाली आत एक काळसर ठिपका दिसतो, त्याला न टोचता काट्याच्या बुडाशी आडवी गरी घातली की कोळंबी बराच वेळ जिवंत राहते. ठिपक्यात घुसली की संपली, मग आठ तासांचा सगळा उपद्व्याप वाया.

अजून एक धोका लिहून ठेवतो, कारण तो कोणाच्या लक्षात येत नाही. डासांची अगरबत्ती. रात्री खाडीवर डास फोडून काढतात, आपण शेजारी कॉइल लावतो आणि हवेचा पंप तोच धूर ओढून पाण्यात बुडबुडे सोडतो. कॉइलमध्ये जे कीटकनाशक असते ते कोळंबीला फार थोडे पुरते. ती काही कीटकाहून लांबची नाही. पंपाचे तोंड कॉइलपासून आणि स्कूटरच्या सायलेन्सरपासून दूर ठेवावे. हाताला मलम लावले असेल तर आधी हात धुवावेत.

आता राहिलेल्या कोळंबीबद्दल. पंचवीस नेली तरी पाच-सात उरतात. ती खडकावर उभे राहून "जा बाळांनो" म्हणत समुद्रात सोडण्यात लोकांना पुण्य वाटते. भाट्याची कोळंबी त्याच रात्री भाट्यातच सोडली तर हरकत नाही. पण एका खाडीची दुसऱ्या खाडीत सोडू नये, आणि तळ्यातली तर कुठेच नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण गेल्या वर्षीपासून काही मंडळी कोळंबी प्रकल्पाच्या तळ्यातून ओळखीने जिवंत व्हेनामी जातीची कोळंबी आणायला लागली आहेत. पागेची मेहनत नाही, सगळी एका मापाची. मलाही एकाने देऊ केली होती. व्हेनामी ही मूळची अमेरिकेच्या प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरची. आपल्या देशात २००९ पासून तिची शेती सुरू झाली, तीही परवान्याने आणि अटींवर. त्या अटी आहेत त्या रोगाच्या भीतीने. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू १९९४ च्या सुमारास भारतात आला आणि पूर्व किनाऱ्यावरची वाघी कोळंबीची तळीच्या तळी बसली. माणसाला तो काही करत नाही, म्हणून आपल्याला दिसत नाही. ऑस्ट्रेलियात २०१६ च्या अखेरीस क्वीन्सलँडमधल्या लोगन नदीकाठच्या कोळंबी-शेतीत हाच रोग निघाला. तो नेमका कुठून आला ते नक्की ठरले नाही, पण संशय ज्यांच्यावर गेला त्यांत गळाला लावलेली परदेशी कच्ची कोळंबीही होती. पुढे त्यांनी कच्च्या कोळंबीची आयातच काही काळ थांबवली. आमच्यासारखेच कोणी काठी घेऊन बसलेले असणार.

आणि हे फक्त खाऱ्या पाण्याचे नाही. माझा भाचा पुण्याला असतो, तो उजनी धरणावर गरवायला जातो आणि बाटलीत चिलापी (तिलापिया) माशाची पिल्ले आमिष म्हणून धरणाधरणांत फिरवतो. चिलापी आपल्या देशात १९५२ मध्ये आणली. उजनीत आज जाळ्यात काय येते ते भिगवणच्या बाजारात टोपल्या बघून कळते. त्याला मी जग कसा बनवायचा ते सांगितले नाही. पिल्ले आहेत त्याच धरणात वापरीन असे कबूल करेल तेव्हा सांगेन.

उरलेली कोळंबी मी घरी आणतो. पहाटेपर्यंत जिवंत असलेल्या कोळंबीचे कालवण काय लागते ते मी इथे लिहीत नाही. आत्याला पहिल्यांदा वाटीभर नेऊन दिले तेव्हा तिने एक सोलून बघितली, वास घेतला आणि विचारले, "किती नेलेलीस?" पंचवीस म्हटल्यावर म्हणाली, "आणि मासा?" त्या दिवशी दोन किलोची तांबोशी होती. डोके तिला दिले.

पत्र फार लांबले याची कल्पना आहे. जागेअभावी कापायचे झाले तर माझ्या मोटरचा आणि पॉवर बँकेचा हिशोब खुशाल कापा. पंचवीसचा आकडा आणि उरलेल्या कोळंबीचा मजकूर तेवढा ठेवा, आणि जमले तर पुढच्या रविवारी ती चौकट दुरुस्त करून छापा, निदान नळाचे पाणी आणि मीठ तरी काढा.

आपला,
एक गरवणारा वाचक
भाट्ये, रत्नागिरी

(नाव छापू नये ही विनंती. तळ्यातली कोळंबी देऊ करणारा गृहस्थ आपले दैनिक घेतो.)